जाळं एकीचं, बिऱ्हाडं अनेकांची: दवबिंदू कोळी

रानजाई

नमस्कार मंडळी,

पाऊस ओसरायला लागला की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, ताम्हिणी, आंबोली, गोव्यात मोले किंवा बोंडला, कुठल्याही रानवाटेवर जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी दिसायला लागतात. शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस. मादीचे लांबच लांब पाय, काळं-पिवळं अंग आणि मीटरभर पसरलेलं सोनेरी जाळं. सगळे कॅमेरे तिच्याकडे वळतात आणि ते साहजिकच आहे. इथे या मंचावरही तिच्यावर चर्चेचे धागे येऊन गेलेत.

मला लिहायचंय ते तिच्या जाळ्यात राहणाऱ्या दुसऱ्या एका कोळ्याबद्दल. जाळ्याच्या वरच्या कडेला, जिथून ते फांद्यांना ताणून बांधलेलं असतं तिथल्या विस्कळीत धाग्यांमध्ये नीट बघा. बारीक चमकते ठिपके दिसतील. लांबून वाटतं, सकाळचं दव अजून वाळलं नाहीये. दुपारी बारा वाजताही ते तिथेच असतात, कारण ते कोळी असतात. इंग्रजीत ड्यूड्रॉप स्पायडर म्हणतात, आपण दवबिंदू कोळी म्हणू. गटाचं नाव आर्जिरोडीस.

लांबी साधारण ३ मिलिमीटर. पुढचा भाग, म्हणजे डोकं आणि छाती मिळून, गडद आणि चपटा. पोट मात्र वर उंचावलेलं, बाजूने पाहिलं तर त्रिकोणी किंवा शंकूसारखं. या पोटावरच सगळी जादू आहे. काही प्रजातींमध्ये ते जवळजवळ पूर्ण चंदेरी असतं, काजूकतलीवर वर्ख चढवावा तसं. आपल्याकडे आढळणाऱ्या आर्जिरोडीस फ्लावेसेन्सचं पोट तांबूस-नारिंगी असतं आणि त्यावर मोजके काळे आणि चंदेरी डाग असतात. ही चमक रंगद्रव्याची नसते. त्वचेखाली ग्वानिन नावाच्या पदार्थाचे स्फटिक साठतात, त्यांच्यावरून प्रकाश परावर्तित होतो. ग्वानिन हा कोळ्याच्या शरीरातला टाकाऊ पदार्थ. बाहेर टाकण्याऐवजी त्यातला काही त्वचेखाली ठेवून कोळी तो अंगाला मिरवतात.

पायांची पहिली जोडी बरीच लांब आणि इतकी बारीक की उजेड नीट पडला नाही तर दिसतच नाही. नर मादीपेक्षा थोडा लहान, आणि त्याच्या कपाळाशी डोळ्यांजवळ पुढे आलेला उंचवटा असतो. भिंग असेल तर नर ओळखायची हीच सोपी खूण.

हा गट थेरिडिडी कुळातला. ब्लॅक विडो याच कुळातली आणि घरात कोपऱ्यात वेडीवाकडी जाळी करणारे कोळीही याच कुळातले. कुळात २५००हून अधिक प्रजाती आहेत. बहुतेक जण स्वतःचं जाळं विणतात. आर्जिरोडीसच्या बऱ्याच प्रजातींनी मात्र दुसऱ्याच्या जाळ्यात राहून तिथेच पोट भरण्याचा मार्ग धरला.

पुस्तकांत यांना सरसकट ‘चोर कोळी’ म्हणून एका वाक्यात उरकतात. ते मला पटत नाही. चोरी करतात हे खरंच, पण त्या एका शब्दात त्यांचं सगळं जगणं मावत नाही. कोणी पाहिलेत का? अनुभव आणि फोटो येऊ द्या.

घाटवाट

मस्त धागा. एक शंका. जायंट वूड स्पायडरच्या जाळ्यात मी लहान लहान तपकिरी कोळी खूपदा पाहिलेत. आमच्या ग्रुपमधले एक काका सांगतात की ते तिचे नर. मग नर कोणते आणि हे दवबिंदू कोणते?

रानजाई

घाटवाट, काका बरोबर सांगतात. दोघेही एकाच जाळ्यात असू शकतात, म्हणून गल्लत होते.

नेफिलाचा नर ५-६ मिलिमीटरचा, तांबूस-तपकिरी, लांबट अंगाचा, अजिबात न चमकणारा. तो मादीच्या जवळपास असतो, जाळ्याच्या मध्याकडे, कधी तिच्या पाठीवर तर कधी जाळ्याच्या पलीकडच्या बाजूला. तोंडापुढे दोन गाठाळलेले, बोंडासारखे अवयव दिसले की नर नक्की.

दवबिंदू त्याहून लहान, त्रिकोणी पोटाचा, आणि दिवसा बहुतेक वेळ कडेला. उलटा लटकलेला, पाय अंगाशी घेतलेले, हालचाल शून्य. बॅटरीचा उजेड तिरका टाकला की तो चमकतो. नर चमकत नाही.

शेवग्याची शेंग

एवढ्या मोठ्या मादीच्या जाळ्यात राहायचं आणि तिनेच खाल्लं नाही, हे कसं? शिवाय जाळं चिकट असतं. त्याचे पाय चिकटत नाहीत का?

पाणवठा

शेवगा, या विषयावर मी बरंच वाचलंय, थोडं सविस्तर लिहितो.

चिकटपणाचं आधी. गोल जाळ्यात सगळे धागे चिकट नसतात. मध्यापासून कडेला जाणारे आरे आणि जाळं ताणून धरणारे बाहेरचे धागे कोरडे असतात. चिकट असतो तो गोल गोल फिरवलेला धागा. आर्जिरोडीस कोरड्या भागातून फिरतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो स्वतःचे धागे टाकतो. कडेला आपली छोटीशी धाग्यांची बैठक बांधतो आणि तिथून जाळ्याच्या मध्यापर्यंत एकेक तार नेऊन जोडतो.

या तारा म्हणजे त्याचे कान. नेफिलाची नजर कमजोर असते, तिला जग कळतं ते कंपनांतून. आर्जिरोडीस त्याच कंपनांवर पाळत ठेवतो. फ्रिट्झ फोलराथ या शास्त्रज्ञाने पनामात आर्जिरोडीस एलेव्हाटस आणि तिथल्या नेफिलाचा अभ्यास केला. १९७९ साली त्याने दाखवून दिलं की यजमानीण काय करतेय ते हा कोळी कंपनांवरून ओळखतो. ती भक्ष्याकडे धावली, चावली, गुंडाळायला लागली, प्रत्येक कामाचा हादरा वेगळा. विशेषतः गुंडाळण्याची लय जाणवली की कडेला निपचित पडलेला आर्जिरोडीस हलायला लागतो.

नेफिला पकडलेलं भक्ष्य रेशमात बांधून मध्याजवळ टांगून ठेवते आणि दुसरं काही अडकलं की तिकडे जाते. ही त्याची वेळ. तो आधी टाकून ठेवलेल्या तारेवरून येतो, अत्यंत सावकाश, लांब पुढच्या पायांनी चाचपत. गाठोड्यापाशी पोचला की त्याला स्वतःचा धागा बांधतो आणि मग गाठोडं ज्या धाग्यांवर टांगलेलं असतं ते एकेक करून तोडतो. शेवटचा धागा तुटला की गाठोडं आणि कोळी दोघेही झोका घेऊन जाळ्याबाहेर. ते गाठोडं त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असू शकतं. नंतर निवांत कडेला बसून खातो.

आता ती त्याला का खात नाही. कधीकधी खाते. पण सहसा इतक्या लहान जिवामागे धावणं तिला परवडत नाही, आणि त्याच्या हालचालीने जाळं फारसं हलतही नाही. तिला चाहूल लागली तर ती जाळं झटकते किंवा त्याच्या दिशेने येते. तेवढ्यात हा धाग्यावरून खाली लोंबतो किंवा कडेला पळतो. ती परत गेली की हा परत हजर.

शेवग्याची शेंग

बापरे! भक्ष्याला आधी स्वतःचा धागा बांधून मग बाकीचे तोडायचे! हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. धन्यवाद पाणवठा.

कातळ

छान माहिती. पण मला त्या मोठ्या मादीची बाजू मांडायची आहे. जाळं विणायला तिला किती रेशीम खर्च करावं लागतं. त्यात असे डझनावारी पाहुणे. तिचं नुकसान होतच असणार. मग ‘चोर’ म्हणायला हरकत काय?

पाणवठा

कातळ, नुकसान होतं. ऑस्ट्रेलियात नेफिला प्लुमिपेसवर झालेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो. ज्यांच्या जाळ्यात आर्जिरोडीस होते त्या माद्यांचं वजन कमी वाढलं आणि त्या जाळ्याची जागाही जास्त वेळा बदलत होत्या. पेरूमध्ये त्याआधी, १९८१ साली, असंच दिसलं होतं. पाहुण्यांचा त्रास फार झाला की यजमानीण जागा सोडते.

यात दुसराही धोका आहे. यजमानीण कात टाकताना तिचं अंग मऊ असतं, तिला हलता येत नाही. अशा वेळी काही आर्जिरोडीस तिलाच खातात. तिची पिल्लंही खातात. म्हणजे रानजाईंना वाटतात तितके हे निरुपद्रवी नाहीत.

रानजाई

पाणवठा, मी त्यांना निरुपद्रवी म्हटलेलं नाही. एका शब्दात त्यांचं जगणं मावत नाही, एवढंच म्हटलं. तुम्ही लिहिलेलं वाचून तर ते अधिकच पटतं. कडेला बसून तो काय काय करतो ते बघा. यजमानीण ज्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही अशा चिलटांएवढ्या माश्या जाळ्याच्या बाहेरच्या भागात अडकलेल्या असतात. त्या तो उचलून खातो. त्यात तिचं काय गेलं? कधी तो तिच्या शेजारी येऊन तिच्याच भक्ष्याला दुसऱ्या बाजूने तोंड लावतो आणि तिला पत्ता नसतो. कधी गाठोडं पळवतो. कधी शिकारी होतो. एकच प्राणी, एकाच जाळ्यात, ऋतू आणि संधी बघून वागतो.

आणि जाळं खातो, हे तर राहिलंच!

घाटवाट

जाळं खातो म्हणजे? रेशीम?

रानजाई

हो, रेशीम. रेशीम म्हणजे प्रथिनच. गोल जाळी विणणारे बरेच कोळी स्वतःचं जुनं जाळं खाऊन ते परत वापरतात. तैवानजवळच्या लान्यू बेटावर आर्जिरोडीस लान्यूएन्सिस हा कोळी यजमान नेफिलाच्या जाळ्याचं रेशीम चोरून खातो, हे १९९८ साली प्रसिद्ध झालं. पुढे जपानमधल्या अभ्यासात आपल्याकडच्या आर्जिरोडीस फ्लावेसेन्समध्येही रेशीम खाणं नोंदवलं गेलं. यजमानीण लहान असते, जाळ्यात फारसं काही अडकत नाही, अशा दिवसांत तो रेशमावर भागवतो. हंगाम भरात आला की परत किड्यांवर येतो.

जाळ्याच्या कडेला धागे तुटून भोक पडलंय आणि भक्ष्य अडकल्याची काही खूण नाही असं दिसलं, तर जवळपास दवबिंदू कोळी आहे का ते जरूर शोधा.

नारळीपौर्णिमा

रत्नागिरीहून लिहिते. आमच्या कुंपणाच्या निवडुंगावर कोळ्यांची जाळी आहेत, पण ती गोल उभी नाहीत. आडवी चादर ताणल्यासारखी, मधोमध वर उचललेली, वर-खाली धाग्यांचं जंजाळ. त्यात असेच चमकणारे बारीक ठिपके आहेत. मी ते पाण्याचे थेंब समजून सोडून देत होते. हा धागा वाचून सासूबाईंचं भिंग घेऊन गेले. पाय आहेत हो त्यांना! फोटो मोबाइलचा आहे, फार स्पष्ट नाही.

पाणवठा

नारळीपौर्णिमाताई, फोटो पुरेसा स्पष्ट आहे. जाळं सिर्टोफोराचं, म्हणजे तंबू कोळ्याचं. निवडुंग, बोगनवेल, तारेचं कुंपण या तिच्या आवडत्या जागा. तिच्या जाळ्याला चिकट धागा नसतोच, वरच्या जंजाळाला धडकून किडे खालच्या चादरीवर पडतात. तिच्याकडे आर्जिरोडीस हमखास असतात. तुमच्या फोटोत डावीकडे वर दोन दिसतात, दोन्ही चंदेरी पोटाचे. प्रजाती फोटोवरून सांगणार नाही. या गटात जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्रीने नाव देता येत नाही. आपल्याकडे कोळ्यांवर मोठं काम केलेल्या बी. के. टिकादारांनी १९७०मध्ये वर्णन केलेली आर्जिरोडीस गझेडीसही याच गटातली.

कातळ, तुमच्या प्रश्नाला या सिर्टोफोराने वेगळं वळण दिलंय. तैवानमध्ये सिर्टोफोरा युनिकलर आणि आर्जिरोडीस फिसिफ्रॉन्स या जोडीवर अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ही सिर्टोफोरा दिवसा सुकलेल्या, गुंडाळलेल्या पानात लपून असते, जाळ्यात दिसतात ते फक्त चंदेरी पाहुणे. त्यांच्या चंदेरी रंगाकडे कीटक ओढले जातात आणि जाळ्यात जास्त भक्ष्य येतं, असं संशोधकांना आढळलं. म्हणजे इथे पाहुणा खातो तसा घरात भरही घालतो. मालकिणीला फायदा.

कातळ

हे अनपेक्षित आहे. म्हणजे नेफिलाकडे नुकसान आणि सिर्टोफोराकडे फायदा?

पाणवठा

त्या त्या अभ्यासापुरतं तसं दिसतं. प्रजाती वेगळ्या, जाळी वेगळी, जागा वेगळ्या. तैवानच्या निष्कर्षावरून रत्नागिरीच्या निवडुंगावर काय चाललंय ते ठरवता येणार नाही. पण ‘हा कोळी यजमानाचं नुकसानच करतो’ हे सरसकट विधान आता करता येत नाही, इथपर्यंत मी रानजाईंशी सहमत आहे.

परदेशी पाखरू

मी फ्लोरिडात असते. इथे घरामागच्या झाडांत सोनेरी जाळ्यांची मोठी कोळी मादी असते, लोक तिला बनाना स्पायडर म्हणतात. पूर्वी नेफिला क्लाविपेस, आता नाव ट्रायकोनेफिला क्लाविपेस. पायांवर केसांचे झुबके असतात. तिच्या जाळ्यातही चांदीचे ठिपके आहेत. हेच का?

पाणवठा

गट तोच. आणि तुमच्या ट्रायकोनेफिला म्हणजे फोलराथने पनामात अभ्यासलेल्याच. फ्लोरिडातल्या एका अभ्यासात असं दिसलं की जाळं जितकं मोठं आणि शेजारच्या जाळ्यांना जितकं जोडलेलं, तितके आर्जिरोडीस जास्त. एकट्या सुट्या जाळ्यात कमी. तुमच्या अंगणात अशी एकमेकींना लागून जाळी असतील तर तिथे आधी बघा.

लेन्सवाला

फोटोसाठी चार गोष्टी.

फ्लॅश समोरून मारला तर चंदेरी भाग पांढरा फट्ट होतो, सगळा तपशील जातो. उजेड बाजूने द्या आणि पांढऱ्या कागदावरून किंवा टिशूमधून जाऊ द्या. मागे काळं कापड किंवा सावलीतली झाडी मिळाली तर पाय दिसतात. मोबाइलला लावायचं मॅक्रो भिंग चालतं, पण वारा असेल तर नाद सोडा, जाळं सतत डोलतं. पहाटेनंतरचा पहिला तास सर्वांत चांगला.

जाळ्यावर पाणी फवारून फोटो काढायची पद्धत आहे, ती कृपया टाळा. चिकट धागा धुतला जातो, आणि आपल्याला हवे तेच ठिपके नेमके हरवतात. जाळं ताणून बांधलेल्या फांद्या वाकवू नका. कडेचे धागे तुटले की या छोट्यांचं बिऱ्हाड आधी जातं.

घाटवाट

लेन्सवाला, उपयोगी. वाचनखूण साठवली.

अजून एक. एका जाळ्याच्या कडेला मला बारीक देठाला लटकलेला तपकिरी कंदील दिसला. खालच्या बाजूला निमुळता, कागदासारखा. हे याचंच काही का?

रानजाई

अगदी बरोबर, ती अंड्यांची पिशवी. आर्जिरोडीसची मादी यजमानाच्या जाळ्याजवळ अशी सुरईच्या आकाराची पिशवी लांब देठाने टांगते. पिशवीला खाली मानेसारखा निमुळता भाग असतो. कोळी स्वतः दिसला नाही तरी ही पिशवी दिसली की तो तिथे आहे किंवा होता हे नक्की. मला तर कोळ्यापेक्षा पिशवीच आधी सापडते. पुढच्या वेळी शेजारच्या दोन-तीन जाळ्यांच्या कडाही तपासा, बहुधा आणखी सापडतील.

नारळीपौर्णिमा

आमच्याकडे दिवाळीआधी कुंपण साफ करतात, तेव्हा निवडुंगावरची सगळी जाळी झाडूने काढतात. यंदा गड्याला सांगितलंय, फाटकापासचीच काढ, मागची राहू दे. हे कोळी चावत वगैरे नाहीत ना? नातू सारखा तिथेच असतो आता.

पाणवठा

दवबिंदू कोळ्यापासून माणसाला काही त्रास नाही. तंबू कोळीही आपण होऊन अंगावर येत नाही. नातवाने जाळ्यात हात घालू नये इतकंच, आणि तेही जाळ्याच्या काळजीने. निवडुंगाचे काटे मात्र सांभाळा!

शेवग्याची शेंग

शेवटचा प्रश्न. नेफिला मादी तर पावसाळ्यानंतर काही महिन्यांत मरते ना? मग या पाहुण्यांचं काय होतं?

रानजाई

चांगला प्रश्न. नेफिला पिलिपेस खाली उतरून जमिनीत खळगा करते, त्यात अंडी घालते, वरून माती-पाचोळा सारते. त्यानंतर ती फार जगत नाही. जाळं काही दिवस टिकतं, मग वाऱ्याने फाटतं. यजमानीण गेलेल्या जाळ्यातही आर्जिरोडीस काही काळ राहतात, कारण बारीकसारीक किडे अडकत असतात आणि रेशीमही असतंच. मग ते धागे टाकत दुसऱ्या जाळ्याकडे निघतात. एकाच यजमानाला बांधलेले नसणं इथे कामी येतं. सिर्टोफोरा असेल तर तिथे, नाहीतर इतर गोल जाळ्यांत.

म्हणून उन्हाळ्यात त्यांना शोधायचं तर रानात भटकण्यापेक्षा शहरातल्या बागा बघा. निवडुंग, बोगनवेल, जाळीचं कुंपण. नारळीपौर्णिमाताई, तुमच्या मागच्या कुंपणावर एप्रिल-मे महिन्यात ते आहेत का, हे बघून इथे लिहाल का? पिशव्या दिसल्या तर त्यांचीही नोंद करा, महिना घालून.

नारळीपौर्णिमा

नक्की लिहीन. नातवाने वही घातली आहे, त्यात तारीख आणि जाळ्याची जागा लिहून ठेवतो. काल वहीच्या पानावर एका पिशवीचं चित्र काढून दाखवलं त्याने, देठासकट.